साहाय्यित प्रजनन व किशोरवयीन अपत्ये

साहाय्यित प्रजनन व किशोरवयीन अपत्ये : नैसर्गिक रीतीने गर्भधारणा होत नसलेल्या स्त्रीपुरुषांना वैद्यकीय उपायांनी अपत्यप्राप्ती करून देणाऱ्या पद्धतींना ‘साहाय्यित प्रजनन’ असे म्हणतात. या पद्धतींनी जन्मास आलेली मुले किशोरावस्थेत, म्हणजे सु. १० ते १९ या वयात आली असता त्यांचे आईवडिलांशी व आप्तांशी असणारे संबंध हा वैद्यक, मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि विधी या चारही शास्त्रांच्या अभ्यासाचा विषय आहे. प्रस्तुत नोंदीत त्याचा विचार मुख्यतः मराठवाड्यातील नांदेड व लातूर या जिल्ह्यांच्या संदर्भात केला आहे. गर्भधारणेची रीत वेगळी असली, म्हणून कुटुंबातील जिव्हाळा कमी होत नाही. मात्र जन्माची हकीकत मुलापासून लपविली जाते की योग्य वेळी सांगितली जाते, यावर पुढील संबंध पुष्कळ प्रमाणात अवलंबून असतात, असे या विषयावरील अभ्यासांवरून दिसते.

प्रकार : पतीचे वीर्य साधनाच्या साहाय्याने गर्भाशयात सोडणे, म्हणजेच कृत्रिम वीर्यसेचन, ही यांतील सर्वांत साधी पद्धत होय. अंडनलिका बंद असणे, शुक्रपेशींची संख्या अल्प असणे इ. कारणांनी ती उपयोगी पडत नसेल, तर शरीरबाह्य फलनाचा अवलंब करतात. तीत औषधांनी पक्व केलेल्या अंडपेशी स्त्रीच्या अंडाशयातून काढून प्रयोगशाळेतील बशीत त्यांचा शुक्रपेशींशी संयोग घडवितात आणि तयार झालेला भ्रूण काही दिवसांनी गर्भाशयात ठेवतात. ‘टेस्ट ट्यूब बेबी’ हे लोकरूढ नाव यावरूनच पडले. एकच शुक्रपेशी सूक्ष्म सुईने अंडपेशीत सोडण्याची रीत १९९२ मध्ये ब्रुसेल्स येथील संशोधकांनी यशस्वी केली व तीमुळे पुरुषाच्या वंध्यत्वावर प्रभावी उपाय उपलब्ध झाला. पतीची शुक्रपेशी किंवा पत्नीची अंडपेशी उपयोगी नसल्यास ती दात्याकडून घेतात. पत्नीचे गर्भाशय गर्भधारणेस असमर्थ असल्यास दुसरी स्त्री गर्भ वाढविते. यास सरोगसी म्हणतात.

कुटुंबसंबंधांच्या दृष्टीने या सर्व पद्धतींचे दोन गट पडतात. पहिल्या गटात मूल आनुवंशिक दृष्ट्या आईवडील या दोघांचेही असते व त्याचा गर्भही आईच्याच उदरात वाढतो; केवळ फलनाला बाहेरचे साहाय्य मिळालेले असते. दुसऱ्या गटात बीज वा गर्भाशय तिसऱ्या व्यक्तीचे असते. त्यामुळे बीज देणे, गर्भ वाढविणे व पालन करणे ही एरवी एकाच जोडप्याकडे असणारी कार्ये निरनिराळ्या व्यक्तींमध्ये विभागली जातात. किशोरवयात उद्भवणारे नाजूक प्रश्न बहुतांशी या दुसऱ्या गटातील आहेत. सामान्य बोलण्यात मात्र हा भेद पाळला जात नाही व ‘टेस्ट ट्यूब बेबी’ म्हणजे परक्याच्या बीजाचे मूल, असा चुकीचा समज आढळतो. या समजामुळे पहिल्या गटातील पालकही उपचाराची गोष्ट झाकून ठेवतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : बीज एकाचे व अपत्य दुसऱ्याचे, ही कल्पना भारतीय परंपरेला अपरिचित नाही. धर्मशास्त्रात औरस पुत्राखेरीज क्षेत्रज, दत्तक, कृत्रिम इ. पुत्रप्रकार मानलेले आहेत. नियोगाने झालेला क्षेत्रज पुत्र बीज देणाऱ्याचा नसून मातेच्या पतीचा मानला जाई. महाभारतातील धृतराष्ट्र व पांडू ही त्याची सर्वपरिचित उदाहरणे होत. नियोग पुढे कलिवर्ज्य ठरला. यांतील ‘कृत्रिम’ पुत्राचा कृत्रिम गर्भधारणेशी संबंध नाही. त्याच्या स्वतःच्या संमतीने पुत्र म्हणून स्वीकारलेल्यास ती संज्ञा होती [→ दत्तक]. याच परंपरेत शरीरसंबंधावर भर देणारा विचारही आहे. विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा ही टीका चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य (कार. १०७६–११२६) याच्या काळात कल्याण येथे लिहिली. हे कल्याण म्हणजे लातूर जिल्ह्याच्या सीमेपलीकडील, बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण होय. एकाच शरीराचे अवयव वंशपरंपरेने ज्यांच्यात उतरतात ते सपिंड, असा अर्थ विज्ञानेश्वराने लावला. वारसा व विवाह यांविषयीच्या लोकमतात ‘रक्ताचे नाते’ या शब्दाला जे वजन आहे, त्याच्याशी हा विचार जुळतो. संगोपनाला मान देणारा देवकी–यशोदेचा आदर्श आणि रक्ताला प्रमाण मानणारे सापिंड्य, असे दोन्ही विचार समाजमनात एकत्र नांदतात.

इस्लामी धर्मशास्त्रात वंशाच्या, म्हणजे नसबच्या, शुद्धतेला विशेष महत्त्व आहे. त्यामुळे विवाह टिकून असेतो पतिपत्नींच्याच बीजांचा उपयोग करण्यास बहुतेक सुन्नी धर्मपंडितांची मान्यता असली, तरी तिसऱ्या व्यक्तीचे बीज ते निषिद्ध मानतात. नांदेड, उदगीर, औसा यांसारख्या मोठी मुस्लिम वस्ती असलेल्या शहरांत या मताचा प्रभाव लक्षात घ्यावा लागतो.

आधुनिक काळात शरीरबाह्य फलनाने जन्मलेले पहिले मूल म्हणजे लुईझ ब्राउन. पॅट्रिक स्टेप्टो (१९१३–८८) व रॉबर्ट एडवर्ड्‌झ (१९२५–२०१३) यांच्या प्रयत्नांमुळे तिचा जन्म २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधील ओल्डम येथे झाला. एडवर्ड्‌झ यांना या कार्याबद्दल २०१० चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९७८ मध्येच ३ ऑक्टोबर रोजी कलकत्ता येथे सुभाष मुखोपाध्याय (१९३१–८१) यांच्या प्रयोगातून कनुप्रिया अगरवाल ही मुलगी जन्मली. शासकीय चौकशी समितीने मुखोपाध्याय यांचा दावा अमान्य केला व १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षा चावडा हिचा जन्म झाला; इंदिरा हिंदुजा व टी. सी. आनंद कुमार यांच्या कार्याचे ते फळ होते. मुखोपाध्याय यांची कागदपत्रे तपासून त्यांच्या अग्रक्रमाचा पुरस्कार पुढे आनंद कुमार यांनीच केला.

या तीन मुलींचे बालपण तीन तऱ्हांनी गेले. लुईझचे नाव जन्मापासूनच जगभर गाजले. शाळेत तिला इतरांकडून काही कळण्याआधीच, सु. चार वर्षांची असताना, आईवडिलांनी तिला तिच्या जन्माची हकीकत सांगितली. हर्षाची ओळखही प्रथमपासून उघड होती. १९८६ मध्ये जिचा जन्म हिंदुजा यांच्या हातून झाला, त्या हर्षाच्या मुलाचा जन्म २०१६ मध्ये त्यांच्याच देखरेखीखाली झाला. कनुप्रियाची ओळख मात्र तिचे संपूर्ण किशोरवय उलटेपर्यंत समाजापासून गुप्त राहिली व २००३ मध्ये, पंचविसाव्या वाढदिवसाच्या सुमारास, ती प्रकट झाली. तंत्र सारखेच असताना मुलाच्या वाट्याला येणारा अनुभव समाजाच्या प्रतिसादाने कसा बदलतो, हे यावरून ध्यानात येते.

मराठवाड्यातील समाजस्थिती : नांदेड व लातूर ही आग्नेय मराठवाड्यातील शिक्षणाची व वैद्यकीय उपचारांची प्रमुख केंद्रे आहेत. दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये असून वंध्यत्वावर उपचार करणारी खासगी केंद्रेही चालतात. शरीरबाह्य फलनाच्या एका आवर्तनाचा खर्च सामान्यतः लाख रुपयांहून अधिक असतो व एकाच आवर्तनात यश येईलच असे नसते. कोरडवाहू शेतीवर अवलंबून असणाऱ्या कुटुंबाला हा खर्च कर्ज काढून किंवा जमीन, दागिने विकून करावा लागतो. त्यामुळे अशा अपत्यामागे पैशाचा, वेळेचा व शारीरिक क्लेशांचा मोठा इतिहास असतो.

अपत्यहीनतेचा दोष बहुधा स्त्रीच्या माथी मारला जातो. ‘वांझ’ ही शिवी तिलाच मिळते; डोहाळजेवण, बारसे यांसारख्या प्रसंगी तिला टाळले जाते व पतीच्या दुसऱ्या विवाहाची भाषा सुरू होते. वंध्यत्वाच्या कारणांत पुरुषाकडील कारणांचाही मोठा वाटा असतो, हे वैद्यकाने दाखवून दिले असले, तरी पुरुषाची तपासणी अनेकदा शेवटी होते [→ वंध्यत्व]. दात्याच्या शुक्रपेशींचा वापर झाला असेल, तर ते रहस्य बव्हंशी पित्याची प्रतिष्ठा राखण्यासाठी पाळले जाते. मुलाचे हित हे त्याचे कारण म्हणून सांगितले जाते, पण रहस्याचा भार अखेर मुलावरच पडतो.

अपत्याचा प्रश्न केवळ निपुत्रिक जोडप्यांपुरता मर्यादित नसतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत सु. आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाल्यानंतर सर्व अपत्ये गमावण्याची आपत्ती आली, तर अंडनलिका पुन्हा जोडणारी शस्त्रक्रिया किंवा, ती शक्य नसल्यास, शरीरबाह्य फलन हेच वैद्यकीय मार्ग उरतात. अशा घरात जन्मणारे मूल गेलेल्या भावंडांची जागा घेण्यासाठी आले आहे, असे नकळत मानले जाण्याचा धोका असतो.

दीर्घ प्रतीक्षेनंतर झालेल्या अपत्यास या भागात ‘नवसाचे मूल’ म्हणतात. मुले दगावत असलेल्या घरात जगलेल्या मुलाला दृष्ट लागू नये, म्हणून दगडू, धोंडू, केरबा अशी नावे ठेवण्याची जुनी चाल याच भीतीतून आली. नांदेड जिल्ह्यातील माहूर येथे रेणुकामातेला अपत्यासाठी नवस बोलले जातात. त्याच क्षेत्री दत्तशिखर व अनसूयेचे स्थान आहे. अनसूयेच्या कथेत ब्रह्मा, विष्णू व महेश तिच्या सत्त्वाने बालरूप होतात. ‘दत्त’ या नावाचा अर्थ ‘दिलेला’ असा असून ‘दत्तक’ हा शब्दही त्याच धातूवरून आला आहे. उदरातून न आलेल्या, पण दिल्या गेलेल्या पुत्राची ही पूजा लोकांना परकी वाटत नाही; उपचाराने झालेल्या मुलाची हकीकत सांगताना मात्र त्यांना संकोच वाटतो.

किशोरावस्था व कुटुंबसंबंध : या वयात मूल आपण कोण, कोणासारखे दिसतो, कोणाचे गुण आपल्यात उतरले, या प्रश्नांचा विचार करू लागते आणि आईवडिलांपासून काहीसे स्वतंत्र होऊ पाहते [→ किशोरावस्था]. साहाय्यित प्रजननाने झालेली मुले या काळात आईवडिलांपासून दुरावतील किंवा मानसिक दृष्ट्या दुबळी राहतील, अशी शंका प्रारंभी व्यक्त केली जात असे. ब्रिटन, इटली, स्पेन व नेदर्लंड्‌स या देशांतील कुटुंबांच्या दीर्घकालीन पाहणीत ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ सुझन गोलोम्बॉक व त्यांचे सहकारी यांना अशी मुले बारा वर्षांची झाली असता तीत तथ्य आढळले नाही. शरीरबाह्य फलनाने वा दात्याच्या शुक्रपेशीने झालेल्या मुलांचे पालकांशी असलेले संबंध नैसर्गिक रीतीने जन्मलेल्या मुलांइतकेच चांगले होते. मात्र दात्याच्या शुक्रपेशीने झालेल्या मुलांपैकी दहांतून एकालाही धड त्याच्या जन्माची माहिती देण्यात आलेली नव्हती.

ब्रिटनमध्ये सु. २००० साली जन्मलेल्या मुलांचा त्याच संशोधकांनी सुरू केलेला दुसरा अभ्यास मुले वीस वर्षांची होईपर्यंत चालला व त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. दान केलेल्या बीजापासून किंवा सरोगसीने झालेल्या तरुणांचे मानसिक आरोग्य व कौटुंबिक संबंध इतरांच्या तुलनेत निकृष्ट आढळले नाहीत. ज्यांना वयाच्या सात वर्षांपूर्वी जन्माची हकीकत कळली होती, त्यांचे आईशी असलेले संबंध उशिरा कळलेल्यांपेक्षा अधिक चांगले होते. हे अभ्यास लहान, विभक्त युरोपीय कुटुंबांचे असल्याने मराठवाड्यातील कुटुंबांना ते जसेच्या तसे लावता येत नाहीत. येथे आजीआजोबा, काका-काकू व मामा यांचाही मुलाच्या आयुष्यात वाटा असतो. उपचारासाठी पैसा कोणी दिला, दवाखान्यात सोबत कोण गेले, हे त्यांना माहीत असते. त्यामुळे आईवडिलांनी पाळलेले रहस्य वस्तुतः अनेकांना ठाऊक असते व शेतीच्या वाटणीसारख्या कलहात ते टोमण्याच्या रूपाने बाहेर पडू शकते.

नवसाच्या मुलाच्या बाबतीत अतिरक्षण व अतिअपेक्षा हे दोन दोष विशेषत्वाने संभवतात. खेळताना लागेल, म्हणून मैदानावर न पाठविणे, प्रत्येक आजारात घाबरून जाणे, आणि एवढ्या कष्टांनी मिळविलेल्या मुलाने मोठे यश मिळवावे, अशी अपेक्षा बाळगणे, ही त्यांची रूपे होत. शालान्त परीक्षेनंतर ‘लातूर पॅटर्न’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या शिक्षणपद्धतीसाठी किंवा नांदेडमधील शिकवणीवर्गांसाठी मुले पंधरा-सोळाव्या वर्षी घर सोडून वसतिगृहात राहू लागतात, तेव्हा पालकांची धास्ती व मुलावरील दडपण दोन्ही वाढतात. यांतील बरेचसे इतर एकुलत्या एक मुलांच्या बाबतीतही घडते. ‘तुझ्यासाठी आम्ही काय काय केले’ हे वाक्य मात्र अशा घरी अधिक जड होते. उपकाराच्या भावनेने बांधलेले किशोरवयीन मूल मतभेद व्यक्त करण्यास कचरते. एकापेक्षा अधिक भ्रूण गर्भाशयात ठेवल्याने जुळी झाली असल्यास सतत होणाऱ्या तुलनेची भर पडते.

सत्यकथन : मुलाला जन्माची हकीकत कळण्याच्या वाटा आता वाढल्या आहेत. राज्याच्या इयत्ता दहावीच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात काचनलिकेतील फलन, सरोगसी व वीर्यपेढी यांची ओळख करून दिलेली आहे. ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासक्रमात वंध्यत्व व साहाय्यित प्रजनन हा भाग येतो, तसेच रक्तगटांची आनुवंशिकताही येते. आई व वडील दोघांचाही रक्तगट ‘ओ’ असताना मुलाचा ‘ए’ असणे सामान्यतः शक्य नसते, हे लातूरच्या शिकवणीवर्गातील विद्यार्थी गणितासारखे सोडवितो व ते आपल्या घरी ताडून पाहू शकतो. परदेशांत घरबसल्या करता येणाऱ्या जनुकीय चाचण्यांमुळे अनेक रहस्ये उघड झाली आहेत. अशा रीतीने सत्य कळले, तर धक्का केवळ त्या सत्याचा नसतो. ज्यांच्यावर सर्वाधिक विश्वास ठेवला, त्यांनीच ते लपविले, ही भावना अधिक दुखावणारी असते.

यामुळे मुलाला ही हकीकत लहानपणापासून टप्प्याटप्प्याने सांगावी, असे मत तज्ञांमध्ये प्रचलित आहे. चार-पाच वर्षांच्या मुलाला ‘तू यावास म्हणून आम्ही डॉक्टरांची मदत घेतली’ एवढे पुरते. बीज व गर्भाशय यांविषयीचा तपशील शालेय वयात आणि दात्याविषयीचा विचार किशोरवयात करता येतो. परीक्षेच्या तोंडावर किंवा भांडणाच्या भरात ही गोष्ट प्रथमच सांगणे टाळावे. मुलास ती अगोदरच अन्य मार्गाने कळली असल्यास पालकांनी नाकारू नये व राग व्यक्त करण्यास त्याला अवसर द्यावा. शब्दांची निवडही महत्त्वाची असते. मराठीत पित्याला ‘जन्मदाता’ म्हणतात व शुक्रपेशी देणाऱ्यालाही आता ‘दाता’ म्हटले जाते. या शब्दसाम्यामुळे ‘खरा बाप कोण’ असा प्रश्न मुलापुढे उभा राहू शकतो. दाता म्हणजे बीज देणारी व्यक्ती व पिता म्हणजे ज्याने अपत्य हवे म्हणून ठरविले व त्याला वाढविले तो, हा भेद स्पष्ट केल्यास संभ्रम कमी होतो.

पालकांची भीती निराधार नसते. विवाह जमविताना कूळ, देवक व नातेसंबंध यांची बारकाईने चौकशी होते. मामाच्या मुलीशी विवाह करण्याची प्रथाही या भागातील अनेक जातींत आहे. मुलीच्या जन्माविषयी बोलबाला झाल्यास स्थळ परत जाईल, ही चिंता आईवडिलांना मौन पाळण्यास भाग पाडते. म्हणून मुलाला सांगणे व गावाला सांगणे या दोन भिन्न गोष्टी मानणे इष्ट ठरते. माहितीवर पहिला हक्क मुलाचा असून ती इतरांना सांगावी की नाही, हे ठरविण्यातही वाढत्या वयाबरोबर त्याचा सहभाग असावा लागतो.

कायदेविषयक स्थिती : साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान (विनियमन) अधिनियम, २०२१ व सरोगसी (विनियमन) अधिनियम, २०२१ हे दोन्ही केंद्रीय कायदे २५ जानेवारी २०२२ पासून अमलात आले. पहिल्या अधिनियमानुसार असे मूल उपचार घेणाऱ्या जोडप्याचे जैविक अपत्य मानले जाते व त्यास औरस अपत्याचे सर्व हक्क मिळतात. दात्याचा मुलावर कोणताही हक्क राहत नाही. त्यामुळे शेतजमीन वा घर यांच्या वारशात केवळ जन्माच्या रीतीमुळे त्याला डावलता येत नाही. एका दात्याचे बीज एकाहून अधिक जोडप्यांना देण्यास मनाई असल्याने अज्ञात भावंडांचा परस्परांशी विवाह होण्याची शक्यताही बरीच कमी झाली आहे. लिंगनिवडीस बंदी आहे. सरोगसी केवळ परोपकारबुद्धीने करता येते. तिचा व्यवसाय करता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये दिलेल्या एका निर्णयात, बहिणीसाठी अंडपेशी देणाऱ्या स्त्रीला जन्मलेल्या मुलींची जैविक माता म्हणून हक्क सांगता येणार नाही, असे स्पष्ट केले व अपत्यासाठी उपचार घेणाऱ्या मातेस मुलींना भेटण्याची मुभा दिली.

मुलाचे स्थान कायद्याने असे पक्के केले असले, तरी दात्याची ओळख मागण्याचा स्पष्ट हक्क त्याला दिलेला नाही. स्वीडनमध्ये १९८५ पासून अमलात असलेल्या कायद्याने पुरेशा परिपक्व वयाच्या मुलास तो हक्क मिळाला. ब्रिटनमध्ये २००५ च्या एप्रिलपासून नोंदविलेल्या दात्यांची ओळख मुलास अठराव्या वर्षी मिळू शकते. भारतात दात्याचे नाव गुप्त राहते. उपचारकेंद्रांनी नोंदी दहा वर्षे जपून नंतर त्या राष्ट्रीय नोंदवहीकडे सुपूर्द कराव्यात, अशी तरतूद २०२१ च्या अधिनियमात आहे.

हा अधिनियम अमलात येण्यापूर्वी जन्मलेल्या मुलांची स्थिती वेगळी आहे. त्या काळात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २००५ ची मार्गदर्शक तत्त्वे होती, पण त्यांना कायद्याचे बळ नव्हते. आज किशोरवयात असलेली सर्व मुले याच काळातील आहेत. त्यांच्या गर्भधारणेची कागदपत्रे दवाखान्यात टिकली असतीलच असे नाही. मधुमेह, सिकल-सेल यांसारख्या विकारांच्या बाबतीत डॉक्टर घराण्याचा इतिहास विचारतात, तेव्हा चुकीची माहिती दिली जाऊन उपचारातही अडचण येऊ शकते. अशा मुलांच्या बाबतीत जन्माच्या हकीकतीची एकमेव नोंद पुष्कळदा आईवडिलांच्या स्मरणात असते व ती मुलांच्या स्वाधीन करणे त्यांच्या हयातीतच शक्य असते.